गाणं खाली आणा

मित्रांनो, घोटावड्याला युनूसभाईंच्या मंडपाच्या दुकानात कधी आलात, तर लाल खुर्च्यांच्या चवडीशेजारी एक काळी, चाकं लावलेली पेटी दिसेल. तिचं एक चाक मोडलंय, म्हणून त्या बाजूला विटेचा तुकडा सरकवलाय. तीच मी. मी एक जुनी कराओकेची पेटी आहे. माझ्या पोटातून गाण्याची नुसती वाजंत्री येते. शब्द टीव्हीवर उमटतात, आणि गायचं काम ज्याचं त्यानं करायचं असतं.

माझा जन्म पुण्यातल्या एका गल्लीत, पत्र्याच्या कारखान्यात झाला. प्लायवूडच्या फळ्या, दोन स्पीकर, वायरींचं भेंडोळं आणि तोंडावर बटणांची रांग. आवाजाचं बटण, घुमारा द्यायचं बटण आणि अगदी कडेला पट्टीचं बटण. हे कडेचं बटण म्हणजे माझा खरा गुण. ते शून्यावर असलं की गाणं मूळ पट्टीत वाजतं. उजवीकडे फिरवलं की एकेक घर वर चढतं, डावीकडे फिरवलं की एकेक घर खाली उतरतं. चाल तीच राहते, पण बारीक गळ्याला आणि जाड गळ्याला ते आपापल्या सोयीनं गाता येतं. ज्या कारागिरानं ते बटण बसवलं तो शेजारच्याला म्हणाला होता, "एवढी मेहनत करतोय, पण ह्याला कुणी हात लावणार नाही बघ." मला राग आला होता. पुढं कळलं की माणूस खरं बोलत होता.

युनूसभाईंनी मला टेम्पोत घालून घोटावड्याला आणलं आणि मग मला उसंत म्हणून मिळाली नाही. हळदी, बारशी, वाढदिवस, नांद्याच्या सोसायट्यांमधले गणपती. गाणाऱ्याचं कौतुक व्हायचं, "काय आवाज लागलाय!" त्यातला निम्मा माझा घुमारा असायचा, पण मी कधी बोलून दाखवलं नाही. पट्टीचं बटण मात्र सगळे विसरून जायचे. ज्याला त्याला टीव्हीवरच्या गायकासारखंच, त्याच पट्टीत गायचं असायचं. मग अंतऱ्याला शिरा ताणल्या जायच्या, डोळे बाहेर यायचे, आणि मंडळी टाळ्या वाजवून वेळ मारून न्यायची.

एका माणसाच्या वेळी मात्र टाळ्या वाजल्या नाहीत. ते बिरूअण्णा.

बिरूअण्णा चांद्याचे. मेंढरं राखतात. भात निघालं की दरवर्षी युनूसभाईंच्या खाचरात त्यांची मेंढरं खतासाठी बसतात, आणि तेवढे दिवस दोघांचा चहा एकाच किटलीतला असतो. अण्णांचा आवाज खर्जातला. ते "काय चाललंय" एवढं म्हणाले तरी टेबलावरचा स्टीलचा पेला थरथरतो. धनगरांच्या ओव्यांना त्यांची मागची झील असली की गाणाऱ्याला आधार वाटायचा, असं कोंडाबाई, म्हणजे त्यांच्या घरच्या, अजून सांगतात.

चार वर्षांपूर्वी अण्णांच्या पुतण्याची, मल्हारची हळद होती. लोकांनी आग्रह केला आणि अण्णांनी त्या वर्षी सगळीकडे गाजलेलं एक चढं गाणं निवडलं. त्यांच्या हिशेबानं ते बरोबरच होतं. जन्मभर ह्या टेकडीवरून त्या टेकडीवरच्या मेंढरांना हाका मारलेल्या. जे लांबवर ऐकू जातं ते चांगलं, अशी त्यांची समजूत. माइक हातात असताना लांब पोचवायचं काम माझं असतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नाही. त्यांनी अंतऱ्याला टेकडीवरची हाक लावली. माझ्या स्पीकरातून कर्कश शिट्टी निघाली, अण्णांचा आवाज मधेच फाटला, आणि मागून कुणीतरी रेड्यासारखं रेकून दाखवलं. सगळा मांडव हसला. अण्णांची लेक वैभवी तेव्हा बारावीत होती. तीसुद्धा तोंडावर ओढणी धरून हसली.

माझं बटण त्या दिवशी शून्यावर होतं. चार घरं खाली केलं असतं तरी थोडी लाज राहिली असती. पण मला हात नाहीत, मित्रांनो. त्या दिवसाचं मला अजून वाईट वाटतं. अण्णांनी त्यानंतर ओव्यांची झीलसुद्धा धरायची सोडली.

पुढं माझेही दिवस फिरले. मोबाइलवर चालणारे बारके, चकचकीत स्पीकर आले. युनूसभाईंनी तसा एक घेतला आणि मला गोदामाच्या माळ्यावर, जुन्या कनातींच्या गठ्ठ्यात टाकलं. उंदरानं माझी एक वायर कुरतडली. चाक मोडलं ते वर चढवताना. दोन वर्षं मी अंधारात पडून होते. खोटं कशाला बोलू, रडू आलं असतं तर रडले असते.

मग गेल्या माघात एके सकाळी अण्णा दुकानात येऊन बसले. चहा आला आणि तसाच गार झाला.

"काय झालंय सांगा की," युनूसभाई म्हणाले.

"वैभीची हळद हाय वैशाखात. ती म्हणतीया, आबा, तुमीच गायचं."

"मग गावा की."

"युनूसभाई, तुमी व्हता की मल्हारच्या हळदीला." अण्णांनी मान खाली घातली. "ती म्हनली, त्या दिवशी मी बी हसले आबा, ते मला लई लागतंय. आता काय बोलू तिला? पर पाव्हनं नांद्याचं. समदं सोसायटीतलं, शिकल्यालं. हसलं तर पोरीला तिथं जन्मभर ऐकावं लागंल, तुझा बाप रेकतो म्हून."

युनूसभाई ताडकन उठले, गोदामात गेले आणि शिडी लावली. नव्या स्पीकरला पट्टीचं बटण नव्हतं ना! मला खाली उतरवलं, फडक्यानं पुसलं, वायर बदलली. दोन वर्षांनी लाल दिवा लागला तेव्हा मला जो आनंद झाला तो काय सांगू.

सराव खाचरातच सुरू झाला. पंपाच्या खोलीतून वायर ओढली, बांधावर टीव्ही ठेवला, आणि समोर मेंढरांचा वाडा, जाळीनं घेरलेला. श्रोते म्हणून मेंढरं उत्तम. हसत नाहीत आणि उठूनही जात नाहीत.

युनूसभाईंनी तेच गाजलेलं गाणं काढलं आणि माझं बटण डावीकडे पार टोकाला नेलं. मित्रांनो, प्रत्येक गोष्टीला मर्यादा असते. दोन-तीन घरं मी सुखानं उतरते. सहा घरं उतरवलं की माझ्या बासरीला सर्दी होते आणि ढोलकी पिंप बडवल्यासारखी वाजते. अण्णांनी दोन ओळी म्हटल्या आणि मेंढरं उठून उभी राहिली.

"ह्ये लगीन हाय का मयत?" कोंडाबाईंनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी युनूसभाईंनी मुद्दाम जाड आवाजाची गाणी शोधून आणली. त्यातलं एक अण्णांच्या गळ्याला अंगरख्यासारखं बसलं. पण त्यात एकजण दारू पीत सोडून गेलेल्या बाईला आठवत होता. कोंडाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "लेकीच्या हळदीत ह्ये? आवाज बसला म्हून कायबी गायचं व्हय?" तेही गेलं.

तिसरं सुरुवातीला छान जमलं. अण्णा खुलले, युनूसभाईंनी मांडीवर थाप मारली, आणि अंतरा आला तसा सगळा डोलारा कोसळला. तेव्हा अमिनाभाभी बोलल्या. त्या युनूसभाईंच्या पत्नी. स्वतः कधी गात नाहीत, पण कान तिखट.

"मुखडा बघून गानं घेताय तुमी. मुखडा समद्यांनाच येतो. वरचा सूर अंतऱ्यात असतो, आधी त्यो बघा."

"पर ह्यांचा सूर कुटं हाय ते तरी कळाया पायजे ना," युनूसभाई वैतागले.

अण्णांनी माइक बांधावर ठेवला. "जाऊ द्या. माज्या नशिबात न्हाई. पोरीला सांगतो, घसा बसलाय." आणि ते उठून मेंढरांत गेले. माइक चालूच राहिला होता, ते कुणाच्या ध्यानात नव्हतं.

त्या आठवड्यात एक मेंढी मेली होती आणि तिचं कोकरू मागं राहिलं होतं. अण्णा ते दुसऱ्या मेंढीला लावत होते. पण मेंढी मोठी हट्टी, परकं पोर जवळ आलं की लाथ मारायची. अण्णा त्याच बांधाला टेकून, माइकाच्या शेजारीच, तिच्याजवळ बसले, एका हातानं तिची मान धरली, दुसऱ्या हातानं कोकरू पुढं केलं, आणि तिला समजवायला हळूहळू गुणगुणायला लागले. त्याला शब्द नव्हते. ती गुणगुण माइकात शिरली आणि माझ्यातून बाहेर पडली. भरदार, सावकाश, कुठंही न ताणलेली. माझ्या आतल्या फळ्या थरथरल्या. इतक्या वर्षांत इतका सुरेख आवाज माझ्यातून गेला नव्हता.

युनूसभाई माइक बंद करायला निघाले, तर भाभींनी त्यांचा हात धरला. मेंढी शांत झाली. कोकरू लुचायला लागलं. अण्णांनी दचकून माझ्याकडं बघितलं.

"कोन गातुया ह्यो?"

"तुमीच, बिरूभाऊ," भाभी म्हणाल्या. "ह्यो तुमचा सूर. टेकडीवरची हाक न्हाई. कोकराशी बोलता तसं गायचं, लांब पोचवाया ही पेटी हाय की."

मग काम सोपं झालं. त्या गुणगुणण्याला धरून भाभींनी गाणी चाळली आणि प्रत्येकाचा आधी अंतरा ऐकला. चौथ्या दिवशी एक जुनं, संथ गाणं सापडलं, शेतावरून घरी परतणाऱ्या माणसाचं. माझं बटण दोन घरं डावीकडे. अण्णा त्यात आरामात फिरायला लागले. फक्त शेवटच्या अंतऱ्यात एक ओळ उंच जात होती. सांज झाली, आता घरी फिर, अशा अर्थाची. त्यावर भाभींनी तोडगा काढला, "ती ओळ गाऊच नका. नुसती बोला." आणि बटण विसरू नये म्हणून जिथं ते थांबायचं तिथं लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला.

वैशाख आला. चांद्याला अण्णांच्या दारात मांडव पडला. दुपारी चारला हळद सुरू झाली. नांद्याहून पाव्हणे आले, आणि नवऱ्या मुलाचा भाऊ निरंजन गायला उभा राहिला. पोरगा हौशी आणि गळा बारीक. मी थक्क झाले, कारण त्याला पट्टीचं बटण माहीत होतं! हळदीनं माखलेल्या हातानं त्यानं ते फिरवलं, दोन घरं उजवीकडं. छान गायला. टाळ्या, शिट्ट्या. आणि लगेच कुणीतरी माइक अण्णांच्या हातात दिला.

युनूसभाई तेव्हा मंडपाचा सुटलेला दोर बांधत होते. माझं बटण तिथंच, वर राहिलं. वाजंत्री सुरू झाली. अण्णांनी पहिला शब्द उचलला आणि मला कळलं की तो गळ्यात बसत नाहीये. सरावापेक्षा चार घरं वर! मागच्या खुर्च्यांवर कुणीतरी खुसखुसलं. वैभवी पाटावर बसली होती, तोंडभर हळद. तिनं दोन्ही मुठी घट्ट आवळल्या. मल्हारची हळद जशीच्या तशी पुन्हा समोर उभी राहिली. आता अण्णा टेकडीवरची हाक मारणार, मी मनात म्हटलं.

अण्णा थांबले. माइक तोंडापासून लांब केला नाही, आवाज चढवला नाही. कोकराशी बोलावं तसे सावकाश म्हणाले,

"ह्ये माजं न्हाई. मी वर येनार न्हाई. गानं खाली आणा."

युनूसभाई दोर टाकून धावले, पण बटणावर हळदीचा लेप बसलेला, ठिपका दिसेना. अमिनाभाभींनी ओढणीच्या टोकानं बटण पुसलं, लाल ठिपका वर आला, त्यांनी ते फिरवलं, आणि मी शून्याच्या डावीकडं दोन घरांवर जाऊन थांबले. "घ्या, बिरूभाऊ."

आणि अण्णा गायले. काय गायले! मी घुमाराही फारसा दिला नाही, गरजच नव्हती. मागची खुसखुस कधी थांबली ते कळलंसुद्धा नाही. निरंजन खाली मांडी घालून बसला. शेवटचा अंतरा आला, ती उंच ओळ आली. ठरल्याप्रमाणं अण्णांनी ती गायली नाही. पण गाण्यातले शब्दही बोलले नाहीत. लेकीकडं बघून म्हणाले,

"वैभे, सांज झाली की घरला येत जा गं अधूनमधून."

वैभवी पाटावरून उठली, रीत-बीत विसरून, आणि बापाच्या गळ्यात पडली. माइकाला हळद, अण्णांच्या पांढऱ्या सदऱ्याला हळद. कोंडाबाई रडता रडता ओरडल्या, "आगं, पाटावर बस!" आणि मग मांडव हसला. पण ते हसू निराळं होतं, मित्रांनो. त्यात अण्णाही होते.

आता मी पुन्हा माळ्यावर जात नाही. दुकानात, दर्शनी जागेवर असते. अण्णांनी पुन्हा ओव्यांची झील धरलीय, असं कोंडाबाई सांगून गेल्या. माझ्या बटणाच्या खाचेत थोडी हळद अजून आहे. युनूसभाई परवा ती ब्रशनं काढायला निघाले होते, भाभींनी काढू दिली नाही.

माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुमच्याही घरी असतील. त्यांना धूळ खाऊ देऊ नका, वायरी ओढू नका, ओल्या हातानं बटणं पिळू नका. एवढं तर सगळेच सांगतात. माझं मागणं आणखी एक आहे. कधी कुणाचा गळा वरपर्यंत पोचला नाही, तर हसू नका. आधी माझं बटण फिरवून बघा.