तीनशे मीटर खोलीचं घड्याळ

मित्रांनो, मी एक बंद पडलेलं मनगटी घड्याळ आहे. तिसगावातल्या एका घरात, दाराशेजारच्या खिळ्यावर लटकतो. माझ्या काचेच्या आत पाण्याचा डाग आहे आणि काटे सव्वाअकराच्या आसपास चिकटून बसले आहेत. घरी येणारा प्रत्येक शहाणा मला खाली उतरवतो, कानाशी धरून हलवतो आणि म्हणतो, "सेल गेला वाटतं." अहो, सेल नाही गेला! अख्खी विहीर गेली पोटात! पण ऐकतो कोण?

मी नकली आहे, हे आधीच सांगून टाकतो. दुकानदाराच्या भाषेत 'फर्स्ट कॉपी'. समुद्रात बुड्या मारणाऱ्या लोकांसाठी परदेशात फार भारी घड्याळं बनतात म्हणे. मी त्यांच्यासारखा दिसतो, एवढंच. निळी तबकडी, भोवती कटकट आवाज करत फिरणारं कडं, आणि तोंडावर छापलेलं 'तीनशे मीटर'. म्हणजे एवढ्या खोल पाण्यातही मला काही होणार नाही! डोंबल! मागचं झाकण बसवण्याआधी माझ्या पोटात पाणी अडवणारी रबरी कडी घालायची असते. माझ्या वेळी कारखान्यात झाकणं बसवणाऱ्या मुलीचा कड्यांचा डबा रिकामा झाला होता. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि झाकण तसंच दाबून टाकलं. हात धुताना चार थेंब उडाले तरी माझ्या जिवाला घोर. आणि तोंडावर काय, तर तीनशे मीटर.

मला निवडलं अंगदने. तिसगावात त्याचं वेल्डिंगचं दुकान आणि थोडी कोरडवाहू शेती. हाताला कसब, पोरगा कष्टाळू, पण लग्न जमेना. दोन ठिकाणांहून नकार आला. त्याचा दोस्त कल्याण टेम्पो चालवतो आणि उरलेला सगळा वेळ मोबाईल बघतो. त्याने निदान केलं, "तुजं मनगट मोकळं दिसतं. आजकाल लोक आधी मनगट बघत्यात." लोक घर बघतात, शेत बघतात, पोरगं निर्व्यसनी आहे का बघतात. पण कल्याणने मोबाईलवर पाहिलं होतं, तेव्हा ते खरंच असणार!

दोघे नगरच्या बाजारात आले. दुकानाच्या काचेवर आम्ही तिघे मांडलेले होतो. एक काळा, एक हिरवा आणि मी. कल्याणने बैलबाजारात बैल पारखावा तसं आम्हाला पारखलं. "काटा सरकत गेला पायजे, उडी मारत न्हाई. वजन पायजे. कडं एकाच बाजूनं फिरलं पायजे." काळ्याचं कडं दोन्हीकडे फिरलं, तो बाद. हिरवा हलका निघाला, तो बाद. उरलो मी. झाकण उघडून आत काय आहे ते बघावं, असं एकाच्याही डोक्यात आलं नाही.

अंगदने माझ्या तोंडावरचं वाचलं आणि विचारलं, "तीनशे मीटर म्हंजी किती?"

"हजार फूट की," कल्याण म्हणाला.

"आरं, आपल्या बोअरला एवढ्या खाली पानी लागलं न्हाई!"

"मंग घे. निदान घड्याळाला तरी लागंल."

दुकानदारासकट तिघेही खदखदून हसले आणि मी विकला गेलो. मित्रांनो, तिसगावकडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. तिथे बुड्या मारायचं घड्याळ! घरी अंगदच्या आईने, कडूबाईने, मला हातात घेतलं आणि कडं फिरवून विचारलं, "ह्ये कशाला फिरतंय?" पाण्याखाली किती वेळ गेला ते मोजायला असतं ते. अंगद म्हणाला, "उगंच, शोभंला." अंगद तान्हा असताना त्या माऊलीने शिवलेलं कुंची-टोपडं सुद्धा याच्यापेक्षा जास्त कामाचं होतं.

तिसरं स्थळ देवळाली प्रवराचं निघालं. मुलीचं नाव पंकजा. राहुरीला रक्त तपासायच्या लॅबमध्ये ती कामाला होती. वडील भिमाजी उसाचे शेतकरी आणि धाकटा भाऊ पार्थ कॉलेजात. कडूबाईला हे स्थळ मनापासून आवडलं होतं. कल्याणचा टेम्पो दारात आला, तेव्हा निघताना ती देवापुढे हात जोडून म्हणाली, "एवढं जमू दे रे बाबा. माज्या पोराचं घर हसू दे." मनगटावरून मी ते ऐकलं आणि मलाही वाटलं, जमू दे.

बघण्याचा कार्यक्रम चांगला चालला होता. पंकजा मान खाली घालून बसणाऱ्यातली नव्हती. तिने वेल्डिंगच्या दुकानाची नीट चौकशी केली आणि अंगद त्याबद्दल छान बोलला. तेवढ्यात पार्थची नजर माझ्यावर पडली. "पाहुणे, हे पाणबुड्यांचं घड्याळ ना? पोहता वाटतं तुम्ही?"

उसाच्या गावातली पोरं विहिरीत आणि पाटात वाढलेली, त्याचा प्रश्न साधाच होता. तिसगावात कोणी तो विचारलाच नसता, कारण तिथे पोहायचं कशात? अंगदचा पाण्याशी संबंध बादलीपुरता. 'नाही' म्हटलं असतं तर विषय संपला असता. पण पाहुण्याघरी 'नाही' म्हटलं तर कमीपणा येतो, असं आमच्या ह्या दिवट्याला वाटलं.

"व्हय, पवतो की," तो म्हणाला.

कडूबाईने हातातली बशी खाली ठेवली. तिने तोंड उघडलं आणि मिटलं. चारचौघांत पोराला खोटं कसं पाडायचं?

जेवणाआधी मुलाकडच्यांना शेत दाखवायची रीत. सगळे मळ्यात गेले. पाटाला पाणी आलं होतं, त्यामुळे विहीर तुडुंब. पार्थने शर्ट काढला आणि काठावरून धाडकन उडी मारली. वर येऊन ओरडला, "या की पाहुणे! पाणी गार आहे, मजा येईल."

अरे, सर्दी झालीय म्हण! उपास आहे म्हण! पोट दुखतंय म्हण! किती सोप्या थापा होत्या, मित्रांनो, आणि याला एक सुचेना. खरं बोलायचं तर नावच नको. त्याने शर्ट काढला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. भिमाजी काळजीने म्हणाले, "पाहुनं, घड्याळ तरी काढून ठिवा."

"असू द्या," अंगद म्हणाला, "पान्यातलंच हाय."

माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं. आणि त्याने उडी मारली.

आधी माझ्या पोटात पाणी शिरलं, मग त्याच्या नाकातोंडात. तो हातपाय झाडत खाली चालला. वर पार्थचं हसणं ऐकू येत होतं. "बघा, केवढी खोल बुडी मारली! उगंच नाही तसलं घड्याळ घातलं!" माझ्यामुळे, माझ्या तोंडावरच्या त्या आकड्यामुळे, बुडणारा माणूस त्याला बुडी मारणारा वाटत होता. मला ओरडता येत नाही याचा इतका संताप मला जन्मात कधी आला नव्हता.

ओरडली ती कडूबाई. "आरं धरा त्याला! पवता येत न्हाई माज्या लेकराला! खोटं बोललाय त्यो!"

पार्थ झपकन खाली आला. त्याने मनगट पकडलं, म्हणजे मलाच पकडलं. माझ्या पट्ट्याचं कुलूप पत्र्याचं, ते खटकन उघडलं आणि मी बोटांपर्यंत घसरलो. मग त्या पोराने अंगदचे केस धरले आणि त्याला ओढत पायऱ्यांवर आणलं. पालथा घातल्यावर अंगद पाणी ओकला, खोकला, आणि त्याचा श्वास सुरू झाला. कडूबाई ओल्या पायरीवर बसून त्याला मारत होती आणि रडत होती.

पंकजाने विचारलं, "येत नव्हतं तर तसं म्हणायचं ना! काय बिघडलं असतं?"

"मला वाटलं, तुमी न्हाई म्हनाल," अंगद कसाबसा बोलला. मग त्याने मला बोटांतून काढून पायरीवर ठेवलं. "ह्ये बी खोटंच हाय."

भिमाजींनी मला उचलून पाहिलं आणि परत अंगदच्या हातात दिलं. शेवटी म्हणाले, "पोरगं पान्याला भ्यालं न्हाई, 'न्हाई' म्हनायला भ्यालं. असल्या मानसाच्या हाती पोरगी कशी देऊ?"

झालं! तिसरा नकार. आम्ही न जेवता कल्याणच्या टेम्पोतून परत निघालो. कल्याण म्हणाला, "घड्याळ वाळलं की चालंल." कडूबाईने त्याच्याकडे अशी नजर टाकली की त्याने डोळे सरळ रस्त्याला लावले. मग ती अंगदला म्हणाली, "सून न्हाई मिळाली तर न्हाई मिळाली. मला तू पायजेस. परत असं केलंस तर म्या ती इहीर जवळ करीन." अंगद तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडला. एवढा मोठा बाप्या, पण रडला. मलाही फार वाईट वाटलं.

काही दिवसांनी अंगद एकटाच एसटीने देवळालीला गेला. मी त्याच्या खिशात होतो. ओट्यावर भिमाजींसमोर उभा राहून तो म्हणाला, "सोयरीक जुळवायला आलो न्हाई. पार्थनं जीव वाचवला, त्याचं काय बोललोच न्हाई मी. आन खोटं बोललो त्याची माफी मागायची हुती." भिमाजींनी त्याला बसवलं. पंकजा चहा घेऊन आली आणि तिथेच खांबाला टेकून उभी राहिली.

"चारचाकी चालवता येते?" तिने विचारलं.

"न्हाई."

"स्वयंपाक?"

"न्हाई. चहा येतो."

"इंग्रजी?"

"न्हाई."

"तिसगावात पाणी आहे का?"

"उन्हाळ्यात न्हाई. टँकर येतो."

प्रत्येक 'न्हाई'ला तिच्या तोंडावरचं हसू वाढत गेलं. "मग येतं तरी काय?"

"वेल्डिंग," अंगद म्हणाला. "त्ये मातर लई चांगलं येतं."

भिमाजी मिशीतल्या मिशीत हसले. पंकजा वडिलांना म्हणाली, "आप्पा, आता विचारा यांना जेवणार का म्हणून. आज हा माणूस खरं सांगेल."

लग्न झालं. साखरपुड्यात मुलीकडून नवरदेवाला घड्याळ द्यायची पद्धत आहे, तेव्हा पार्थने राहुरीहून एक साधं, पांढऱ्या तबकडीचं घड्याळ आणलं. ते बिचारं वेळ दाखवतं आणि गप्प बसतं. मला कल्याण भंगारात द्यायला निघाला होता. पंकजाने त्याच्या हातून काढून घेऊन दाराशेजारी टांगलं. दारात आलेल्या गिऱ्हाईकापुढे अंगद "व्हय, उद्याच देतो करून" असं म्हणायला लागला की ती आतून नुसतं म्हणते, "घड्याळ बघा." मग तो माझ्याकडे बघतो आणि सांगतो, "न्हाई भाऊ, उद्या जमनार न्हाई. परवा या."

परवा दिवाळसणाला देवळालीला जाताना पंकजाने मला पिशवीत टाकलं, पार्थची गंमत करायला. त्याच विहिरीच्या कठड्यावर तिने मला ठेवलं. खाली पाण्यात अंगद होता, पाठीला रिकामा प्लॅस्टिकचा कॅन बांधलेला, शेजारी पार्थ. गल्लीतली चिल्लीपिल्ली त्याच्याभोवती सुळसुळ पोहत खिदळत होती. त्यातल्या एकाने विचारलं, "दाजी, येवढे मोठे झाले तरी तुमाला पवता येत न्हाई?"

कडूबाई कठड्याला धरून उभी होती, मुठी आवळून. अंगदने वर तिच्याकडे पाहिलं.

"न्हाई येत," तो म्हणाला. "शिकतोय."

कडूबाईच्या मुठी सुटल्या. मित्रांनो, तुम्ही घड्याळ घ्यायला जाल तेव्हा खुशाल मनासारखं घ्या, निळं घ्या नाहीतर काळं घ्या. फक्त तोंडावर लिहिलेल्यावर जाऊ नका, आणि 'नाही' म्हणायची वेळ आली की ते काठावरच म्हणा. पाण्यात गेल्यावर तोंड उघडता येत नाही.