दाताला पोट नसतं

आमच्या डॉक्टरांना दूध पचत नाही, हे त्यांना वयाच्या एकावन्नाव्या वर्षी कळलं, आणि त्यानंतर दवाखान्यात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला ते कळायला लागलं. दातांच्या डॉक्टरसमोर माणूस तोंड उघडून आडवा पडलेला असतो. गालात कापूस, ओठाला अडकवलेली थुंकी ओढणारी नळी. असा श्रोता पुढाऱ्यांच्याही नशिबी नसतो. डॉक्टर दाढ कोरता कोरता आपल्या पोटाची हकिकत सांगत. दुधाची कॉफी प्यायली की अर्ध्या तासात पोट कसं फुगतं, मग कळ कशी येते, मग काय होतं. ते ‘मग काय होतं’ सुद्धा गाळत नसत. खुर्चीतला माणूस ‘आँ’ करी. डॉक्टरांना तो होकार वाटे.

मी त्यांच्याकडे एकोणीस वर्षं मदतनीस आहे. अवजारं निर्जंतुक करायची, ट्रे लावायचा, दातात भरायचं सिमेंट कालवून द्यायचं, फॉर्म भरून घ्यायचे. डॉक्टरांचा हात चांगला आहे, खोटं कशाला बोलू. मुळापर्यंत किडलेली दाढ ते अशी काढतात की माणूस म्हणतो, झालं एवढ्यात? पण हात सोडला तर उरलेला माणूस सहन करायला एकोणीस वर्षांचा सराव लागतो. ज्या विषयावर चार ओळी वाचल्या, त्यातले ते लगेच जाणकार. आधी पाठीचा कणा होता, मग झोप, आता दूध.

त्यांच्या खिशात गोळ्यांची एक डबी असे. दुधातली साखर पोटात फुटत नाही, म्हणून त्रास होतो. आइस्क्रीमच्या आधी एक गोळी घेतली की ती साखर फुटते, असा हिशेब. गोळी खरी होती. त्रासही खराच असणार. नाव तेवढं खोटं. “मला दुधाची अ‍ॅलर्जी आहे,” असं ते छाती पुढे काढून सांगत, आणि ऐकणाऱ्यांपैकी निम्म्यांना तिथल्या तिथे तीच अ‍ॅलर्जी होई. त्या वर्षी माझ्या फॉर्मांवर अ‍ॅलर्जीच्या रकान्यात इतकं दूध सांडलं होतं की काही विचारू नका. मी विचारायची, “काय होतं दुधाने?” उत्तर ठरलेलं: “गॅस.” हळूहळू तो शब्द वाचताना माझे डोळे पुढच्या रकान्याकडे घसरायला लागले.

एका मंगळवारी सकाळी काचवाला आला. खिडक्यांच्या काचा कापून बसवण्याचं त्याचं काम. अंगाने दांडगा, बोटांवर बारीक पांढऱ्या रेघा, जुन्या कापल्याच्या. थंड पाण्याने दात शिवशिवतात, अशी तक्रार. फॉर्म त्याने स्वतःच भरला, मोजपट्टी लावून काढावीत तशा अक्षरांत. आजार: नाही. औषधं: नाही. अ‍ॅलर्जी: दूध.

“म्हणजे गॅस होतो ना?” मी विचारलं. खरं तर ‘गॅ’ लिहूनही झाला होता.

“गॅस?” त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला टोपीचं माप विचारलं. “नाही हो ताई. ओठ सुजतात. अंगावर गांधी उठतात. दोनदा श्वास कोंडलाय. एकदा लहानपणी, आणि एकदा कामावर. एकाने स्वतःचा चहा ढवळला आणि तोच चमचा माझ्या कोऱ्या चहात घातला.”

“नुसत्या चमच्याने?”

“त्याच्या चहात दूध होतं.”

मी ‘गॅ’ खोडला आणि त्याने सांगितलं ते सगळं खाली लिहिलं. चमच्यासकट.

डॉक्टर आले, त्याला आडवं केलं, दात साफ करायला लागले. फॉर्म ट्रेशेजारीच होता. त्यावर त्यांची नजर ओझरती फिरली आणि चेहरा उजळला. “अरे वा, तुम्हालाही दूध? मग आपण एकाच होडीतले!” पुढची वीस मिनिटं काचवाल्याने होडीतला प्रवास ऐकला.

साफसफाई संपली. डॉक्टर माझ्याकडे न बघता म्हणाले, “ताई, ती पांढरी क्रीम द्या.”

ही क्रीम आमच्याकडे तीन महिन्यांपूर्वी आली होती. शिवशिवणाऱ्या दातांवर बोटाने चोळायची आणि तीन-चार मिनिटं तशीच ठेवायची. खोकी मी उघडते, म्हणून आतला कागदही मीच वाचते. डॉक्टर कागद वाचत नाहीत. कंपनीचा माणूस येऊन सांगतो तेवढं त्यांना पुरतं. कागदावर स्पष्ट लिहिलं होतं की क्रीम दुधातल्या प्रथिनापासून केली आहे आणि दुधाच्या प्रथिनाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना ती लावू नये.

“डॉक्टर, ही दुधाची आहे,” मी म्हणाले. “यांना दूध चालत नाही.”

“मला तरी कुठे चालतं?”

“तुमचं वेगळं. तुम्हाला दुधातली साखर पचत नाही. यांचे ओठ सुजतात, श्वास कोंडतो. मी लिहिलंय बघा.”

डॉक्टरांनी हात थांबवले. चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग काचवाल्याकडे वळून, जणू घरातल्या लहान मुलाने पाहुण्यांसमोर काहीतरी बोबडं म्हटलंय असं हसून म्हणाले, “आमच्या बाई आता अ‍ॅलर्जीच्या तज्ज्ञ झाल्या.” आणि मला, “हे बघा, दुधाचा त्रास होतो तो लॅक्टोजमुळे, त्या साखरेमुळे. या क्रीममध्ये लॅक्टोज नाहीच म्हणा ना. आणि असलं तरी ते पोटात जाऊन बाधतं. मी दाताला लावतोय. दाताला कुठे पोट असतं?”

काचवाल्याच्या तोंडात नळी होती. ‘दूध’ हा शब्द ऐकून त्याने हात वर केला. डॉक्टरांनी तो हात थोपटून परत खाली ठेवला. “दूध नाही हो, क्रीम आहे. प्यायची नाहीये.”

आणि मी ट्यूब दिली.

इथे मला थांबून नीट सांगायला हवं. ट्यूब माझ्या हातात होती. ती खिशात टाकता आली असती. मी ती टोपण काढून, रोजच्यासारखी, त्यांच्या तळव्यावर ठेवली. आणि ठेवताना मनात जे आलं ते भीतीचं नव्हतं. मनात आलं, घ्या. घ्या एकदाची आणि तोंडावर पडा.

दोन मिनिटं डॉक्टर बोलत होते. तिसऱ्या मिनिटाला काचवाल्याने ओठ चोळायला सुरुवात केली. मग मान. मानेवर गुलाबी चट्टे आले, बघता बघता ते जाड झाले आणि एकमेकांना मिळाले. तो उठून बसला, नळी ओढून काढली आणि खोकला. कोरडा, घशातून चिरका. “घसा,” तो म्हणाला. आवाज त्याचा नव्हता.

“घाबरू नका, घाबरल्यामुळे होतं,” डॉक्टर म्हणाले. त्यांनी खिशात हात घातला, डबी काढली, आणि माझ्या देखत, शपथेवर सांगते, त्या माणसापुढे आपली गोळी धरली. “ही चघळा. मला पाच मिनिटांत आराम पडतो.”

काचवाल्याचा वरचा ओठ एव्हाना दुप्पट झाला होता. त्याने गोळीकडे पाहिलं, डॉक्टरांकडे पाहिलं. इतक्या अवस्थेतही त्याच्या नजरेत जी तुच्छता होती, तशी मला एकोणीस वर्षांत जमलेली नाही.

मी त्याच्या तोंडातली क्रीम कापसाने पुसून काढली, चूळ भरायला लावली, आणि कपाटातली तातडीची पेटी आणली. त्या पेटीतलं, अ‍ॅलर्जीच्या झटक्यावरचं इंजेक्शनचं पेन मी दर वर्षी तारीख बघून बदलते, आणि दर वर्षी डॉक्टर विचारतात, हे कशाला लागतं आपल्याला? पेन मी त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटंसुलटं केलं. मग त्यावरचा मजकूर वाचायला लागले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना काहीतरी वाचावंसं वाटलं, ते तेव्हा.

“मांडीत,” काचवाला घरघरत म्हणाला. “बाहेरच्या बाजूला.”

मी पेन डॉक्टरांच्या हातातून घेतलं, पँटवरूनच मांडीत दाबलं आणि मनातल्या मनात दहा मोजले. मग ॲम्ब्युलन्सला फोन लावला. “दुधाची अ‍ॅलर्जी, श्वास लागलाय, इंजेक्शन दिलंय,” एवढं सांगितलं. पलीकडच्या माणसाने कसलंही शहाणपण शिकवलं नाही. पत्ता घेतला आणि गाडी पाठवली. ती येईपर्यंत घरघर कमी झाली होती. डॉक्टर भिंतीला टेकून उभे होते. डबी अजून हातातच.

काचवाल्याला हॉस्पिटलात दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवलं. असला झटका ओसरून पुन्हा उलटू शकतो, म्हणून. त्याची मोठी बहीण तिथून थेट आमच्याकडे आली. शाळेत गणित शिकवणारी बाई, हातात पिशवी, खुर्ची दिली तरी बसली नाही.

“तो सांगतो, त्याने लिहून दिलं होतं,” ती म्हणाली.

डॉक्टर तोपर्यंत सावरले होते. “त्याचं असं आहे ताई, दुधाची अ‍ॅलर्जी आजकाल सगळेच लिहितात. मी स्वतः—”

“तुमच्या पोटाचं त्याने मला सांगितलं,” ती म्हणाली. “तुम्ही त्याला वीस मिनिटं ऐकवलं होतंत. तुमचं पोट बिघडतं. पोट बिघडून माणूस मरत नाही. त्याचं शरीर दुधावर चवताळून उठतं, थेंबभर असलं तरी. हे दोन्ही तुम्हाला सारखं वाटतं? मी सातवीच्या मुलांना विचारलं तर त्यांनाही फरक कळेल. मला तो फॉर्म बघायचाय.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. आदल्या संध्याकाळी त्यांनी मला हळूच सुचवलं होतं की तो फॉर्म नव्याने करू, खालच्या ओळी जरा अनावश्यक आहेत. मी म्हटलं होतं, जमणार नाही. आता मी फॉर्म काढला आणि तिच्या हातात दिला. तिने चमच्यापर्यंत सगळं वाचलं, फोनवर फोटो काढला, आणि निघून गेली.

तक्रार झाली. डॉक्टरांना दोन चौकशांना जावं लागलं, माफीचं पत्र लिहावं लागलं, आणि या वयात एका वर्गाला बसून परीक्षा द्यावी लागली. परीक्षेत ते पास झाले. आता आमच्या फॉर्मवर दुधाबद्दल चार वेगळे प्रश्न आहेत: काय खाल्ल्याने, किती वेळात, अंगावर उठतं का, श्वास लागतो का. आलेल्या प्रत्येकाला डॉक्टर सांगतात की ही कल्पना त्यांची. अ‍ॅलर्जी आणि न पचणं यांतला फरक ते इतका सुंदर समजावतात की वाटावं, यांनीच शोधून काढला.

काचवाला महिन्याभराने आला, दवाखाना उघडायच्या वेळी, डॉक्टर यायच्या आत. त्याला त्याच्या दातांचे एक्स-रे हवे होते, दुसरीकडे दाखवायला. मी ते पाकिटात घालत असताना तो काउंटरपाशी उभा होता.

“ताई, तुम्हाला माहीत होतं,” तो म्हणाला. आवाज चढवला नाही. “तुम्ही त्यांना सांगितलंत, मी ऐकलं.”

“हो. सांगितलं होतं मी.”

“मग ट्यूब का दिलीत?”

महिनाभर लोकांनी मला शाबासकी दिली होती. त्याच्या बहिणीनेही. पेन मी दाबलं, फोन मी केला, फॉर्म मी वाचवला. हा प्रश्न मात्र कुणी विचारला नव्हता. सवयीने दिली, असं सांगता आलं असतं. नोकरी आहे हो, असंही चाललं असतं. तो कामगार माणूस, त्याला पटलंही असतं.

“मला वाटलं, ते तोंडावर पडतील,” मी म्हणाले. “त्यांची फजिती बघायची होती मला.”

तो बोटावरची एक रेघ दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने चोळत राहिला.

“माझ्या तोंडात?” त्याने विचारलं.

मी होकाराची मान हलवली. माफ करा, असं म्हणाले बहुतेक. नक्की आठवत नाही. डॉक्टरांबद्दल मी इतकी वर्षं मनात जे जे म्हणत आले, त्यातलं एकही वाक्य तेव्हा माझ्या उपयोगी पडलं नाही.

“नवीन डॉक्टरांना चिठ्ठी द्या,” तो शेवटी म्हणाला. “नीट लिहून.”

मी लिहिली. ‘रुग्ण म्हणतो की त्याला दुधाच्या प्रथिनाची तीव्र अ‍ॅलर्जी आहे. दुधापासून केलेलं कुठलंही द्रव्य तोंडात वापरू नये.’ खाली तारीख. त्याने चिठ्ठी घेतली, उजेडाकडे धरून वाचली आणि काउंटरवर परत ठेवली.

“‘म्हणतो’ काढा,” तो म्हणाला.

मी ती चिठ्ठी फाडली आणि दुसरी लिहायला घेतली.