गुंजनची बस

रंजिता मेश्राम गोंदियाच्या एका कॉलेजात विशेष शिक्षणाचं एम.एड. करत होती. दुसऱ्या वर्षाला समुपदेशनाचा पेपर होता आणि तो हिमांशु सर शिकवत. सरांचा एकच नियम होता, सल्ला द्यायचा नाही. समोरचा बोलेल, आपण ऐकायचं, मान हलवायची, आणि त्याचंच वाक्य जरा मऊ करून त्याला परत द्यायचं. "हम रास्ता नहीं दिखाते," सर म्हणायचे, "रास्ता वो खुद ढूंढेगा." सर स्वतः तासभर सल्लेच देत, पण त्याला ते शिकवणं म्हणत.

प्रात्यक्षिकासाठी एक कुटुंब शोधायचं होतं. रंजिता राहायची गोंदियाजवळच्या गोरेगावला. तिथून बसने थोड्या अंतरावरच्या गावात भैयालाल पटले नावाचे शेतकरी होते. त्यांची मुलगी गुंजन एकोणीस वर्षांची. तिला गोष्टी उशिरा कळत, बोलणं सावकाश होतं, शाळा चौथीतच सुटली होती. पुस्तकात याला बौद्धिक अक्षमता म्हणतात. गावात येडी म्हणत, तेही तिच्या तोंडावर. भैयालाल म्हणत, "जराशी सुस्त हाये, बाकी काई नाही." आणि या जराशा सुस्त पोरीला त्यांनी शाळा सुटल्यापासून फाटकाबाहेर एकटं जाऊ दिलं नव्हतं.

रंजिता पहिल्यांदा गेली तेव्हा गुंजनच्या आईने, ललिताबाईंनी, आधी आडनाव विचारलं. ते कळल्यावर चहा कोणत्या कपात द्यायचा यावर आत नवराबायकोची थोडी कुजबुज झाली आणि शेवटी पाहुण्यांचा फुलाफुलांचा कप बाहेर आला. रंजिताने काहीच न ऐकल्यासारखा चहा संपवला. हे कोर्समध्ये नव्हतं, पण तिला लहानपणापासून येत होतं.

मग तिने वही न काढता, सरांनी सांगितलं होतं तसं, जरा पुढे वाकून विचारलं, "मुलीकडे बघून तुम्हाला कसं वाटतं?"

"कसं वाटन? पोरगी हाये."

"म्हणजे ती तुमची मुलगी आहे, असं तुम्हाला वाटतं."

भैयालालनी बायकोकडे पाहिलं. "वाटते म्हंजे? हायेच."

रंजिताने मान हलवली. भैयालाल थांबले. रंजिताही थांबली, कारण शांतता सहन करणं हे कौशल्य होतं आणि त्याला वेगळे मार्क होते. अंगणात कोंबड्या फिरत राहिल्या. बऱ्याच वेळाने भैयालाल बायकोला म्हणाले, "निसती मान हालवून राहिली. हिलेच काई झालं असन." ललिताबाईंनी काळजीने आणखी एक बिस्किट पुढे केलं.

दुसरी खेपही अशीच गेली. तिसऱ्या वेळी गुंजन येऊन रंजिताच्या शेजारी बसली आणि कोणी न विचारताच बोलली, "मले बजारात जायाचं हाये. एकटीले. बसनं."

"नाही," भैयालाल म्हणाले.

"तुम्हाला काळजी वाटते," रंजिता म्हणाली.

"काळजी नाही. लोकं हसतीन. पोट्टे टवाळी करतीन. घरी काई कमी हाये का तिले?"

"म्हणजे लोक हसतील, असं तुम्हाला..."

"तेच त मी बोलून राहिलो. तू माह्यंच मले काऊन सांगतेस?"

गुंजनने पुन्हा म्हटलं, "मले जायाचं हाये." भैयालालनी तिला हाताने आत जायची खूण केली, आपण कोंबडीला हाकलतो तशी. ती खूण पाहून रंजिताचं एम.एड. सुटलं. तोंडातून आली ती थेट गोरेगावची बोली.

"काका, तुमी उद्या मेले त हिले बजारात कोन नेईन?"

या वेळच्या शांततेला मार्क नव्हते. मग ललिताबाई हळूच म्हणाल्या, "मी बी हेच म्हनते. पन मले कोन इचारते?" भैयालाल उठले, चपला घातल्या आणि शेताकडे निघून गेले.

परत येताना बसमध्ये रंजिताला रडू येत होतं आणि त्याच वेळी फार बरंही वाटत होतं. आपण एका माणसाला त्याच्याच ओसरीवर मारून आलो, आता दुसरं कुटुंब शोधावं लागणार, असं तिने गृहीत धरलं. पण चारेक दिवसांनी भैयालालचाच फोन आला. मागचं काही काढलं नाही, एवढंच विचारलं, "बस कवापासून शिकवतेस?"

शिकवणं सोपं नव्हतं. रंजिताने प्रवासाचे छोटे छोटे तुकडे पाडले: रस्त्यावर उभं राहणं, हात दाखवणं, चढणं, गावाचं नाव सांगणं. गुंजनला हात दाखवणं सगळ्यात आवडलं. तिने मोटारसायकली थांबवल्या, एक लग्नाची गाडी थांबवली. लाल गाडीलाच हात दाखवायचा, असं शिकवलं तर तिने लाल ट्रॅक्टर थांबवला आणि चालकाला म्हणाली, "गोरेगाव एक." चूक शिकवणारीची होती. मग बसवरची पाटी कशी दिसते ते ओळखण्यात दिवस गेले. कधी गुंजन कंटाळून रस्त्यातच बसायची, आणि बापाकडून उचललेल्या दोन-तीन शिव्या रंजिताला घालायची. शिव्यांचा उच्चार मात्र अगदी स्वच्छ होता.

परीक्षेला बाहेरून एक मॅडम आल्या. हिमांशु सर त्यांना घेऊन पटल्यांच्या ओसरीवर पोचले. मॅडमनी गुंजनसमोर एक रंगीत चेंडू धरला आणि लाडात विचारलं, "बाळा, हा कोणता रंग?"

गुंजनने चेंडूकडे पाहिलं, मग मॅडमकडे. "तुले दिसत नाही का?"

ललिताबाईंनी पदर तोंडाला लावला. मॅडमनी चेंडू पिशवीत टाकला आणि गुंजनला रंजिता काय शिकवते ते विचारलं.

"बस," गुंजन म्हणाली. "अन् बाबाले म्हने, तू मेला त कोन नेईन."

हिमांशु सरांचा चेहरा पडला. मॅडमनी भैयालालना विचारलं, हे खरं आहे का? भैयालाल म्हणाले, "हो. आमाले बरं लागलं." त्यांना मदतच करायची होती, पण त्याने व्हायचं ते नुकसान पक्कं झालं. समुपदेशनात रंजिता जेमतेम पास झाली. सर नंतर कॉलेजच्या पायऱ्यांवर म्हणाले, "काम तो किया तूने. लेकिन ऐसे कोई बोलता है?" घरी गेल्यावर रंजिता आईला म्हणाली की मार्क गेले ते गेले, वाक्य मी परत घेणार नाही.

गुंजन पहिल्यांदा एकटी निघाली त्या दिवशी रंजिता गोरेगावच्या स्टँडवर थांबली होती. बस आली. तिच्या मागेच, धूळ खात, मोटारसायकलवर भैयालाल. गावापासून ते बसच्या शेपटाला लागून आले होते.

गुंजन उतरली. कंडक्टरने रंजिताला सांगितलं, "ही तुमची का? मी इचारलं, संग कोन हाये. तिनं मागच्या काचेतून त्याईले दाखवलं अन् म्हने, तो हाये, पन त्याले गाडीत घेऊ नका."

भैयालाल मोटारसायकलवर तसेच बसून राहिले. गुंजन त्यांच्याजवळ गेली. "तू काऊन आला?"

"मले वांगे पायजे होते."

"मी आनते," ती म्हणाली आणि बाजारात शिरली. रंजिता तिच्यामागे निघाली तर गुंजनने वळून तिलाही हाताने थांबवलं. दोघं स्टँडवर उभी राहिली. भैयालाल मध्येच म्हणाले की ती आता दिसत नाही. रंजिता म्हणाली, मलाही दिसत नाही. तेवढंच बोलणं झालं, पण दोघांचीही नजर गर्दीवरून हटली नाही.

गुंजन आली ती भजी खात. वांगी नव्हती. "इसरली," ती म्हणाली, आणि उरलेलं एक भजं बापाच्या हातात दिलं. भैयालालनी ते खाल्लं, हात पँटला पुसला आणि मागच्या सीटकडे बोट दाखवलं. "बस, घरी जाऊ."

"मी बसनं जाते."

भैयालालनी थोडा वेळ वाद घातला. मग ते एकटेच निघाले, आणि या वेळी बसच्या पुढे.