सातव्या गलीचा साक्षीदार

या मंडळी, जरा पुढे सरकून बसा. एका म्हातारीच्या हरवलेल्या चेंडूची गोष्ट सांगतो. चेंडूचं काय झालं ते कळेल, पण ते कळायला तिला एका माणसाकडे जावं लागलं, आणि तिथवरची वाट फार जड होती.

अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात मेस्कीट बेंड नावाची निवृत्तांची वसाहत आहे. घरांच्या परसांना लागूनच गोल्फचं मैदान वळणं घेत जातं. गवताबाहेर पाऊल पडलं की खडी, काटे, आणि मार्च लागला की साप. आर्लिस हूक्स्ट्रा इथे बावीस वर्षं दर गुरुवारी खेळत आली होती. आता वय अठ्ठ्याहत्तर. घर विकलं होतं, शनिवारी मुलगी आयोवाला न्यायला येणार होती. म्हणजे हा शेवटचा गुरुवार. आणि एवढ्या वर्षांत पहिल्याच फटक्यात चेंडू गलीत, म्हणजे झेंड्याखालच्या खड्ड्यात, असं एकदाही झालं नव्हतं.

सातवी गल जेमतेम शंभर पावलांवर, उताराला. मधे नुसते निवडुंग. आर्लिसने काठी फिरवली आणि तिच्या मनगटांनाच कळलं, हा बसला! चेंडू समोरच्या कोवळ्या उन्हात शिरला आणि दिसेनासा झाला.

"कुठे गेला गं?"

"मला काय विचारतेस?" तिची जोडीदारीण ट्वायला म्हणाली. "माझा चष्मा माझ्याच डोक्यावर आहे, हेसुद्धा तू सांगतेस तेव्हा कळतं मला."

दोघी मैदानावरच्या छोट्या गाडीतून खाली आल्या. हिरवळीवर चेंडू नाही, गलीत नाही. पण झेंड्यापासून दोन पावलांवर चेंडू आपटल्याची ताजी खळी होती, आणि तिथून दवात उमटलेली एक रेघ थेट गलीच्या काठाला जाऊन थांबली होती. काठाशी पक्ष्याची पावलं. आर्लिस गुडघे टेकून वाकून वाकून बघू लागली.

"डोमकावळा!" ट्वायला म्हणाली. "मेल्याने मागच्या महिन्यात माझाही पळवला. मांड कार्डावर एकच फटका, मी साक्षीची सही करते."

"पण गलीतून काढला, की काठावरून उचलला?"

"कावळा काय तक्रार करायला येणार आहे?"

"मला कळायला हवं, ट्वायला. बावीस वर्षं थांबले, ती काय थापेसाठी?"

हिरवळीमागे बुटकी भिंत होती. भिंतीपलीकडे आपल्या परसात ऑरिन पास्क कॉफी घेऊन बसला होता. त्याने पाहिलं असणार.

"त्या खवीसाला विचारणार?" ट्वायला पुटपुटली. "तुझ्यावरच डाफरेल."

आर्लिसचे पाय खरं तर वेगळ्याच कारणाने अडखळले. दोन वर्षांपूर्वी तिच्या चेंडूने त्याच्या स्वयंपाकघराची काच फुटली होती. काच फोडणाऱ्याने जाऊन दार वाजवायचं, ही इथली रीत. तिने मुकाट गाडी वळवली होती. आता त्याच माणसाकडे खरं मागायचं, तर तोंड कुठलं घेऊन जायचं? तरी ती गेली.

"ऑरिन, एक विचारायचं होतं. पण त्याआधी... तुमची ती काच मी फोडली."

"ठाऊक आहे." त्याने सावकाश घोट घेतला. "नारंगी चेंडू सिंकमध्ये पडला होता. इथे नारंगी चेंडूने तुम्ही एकट्याच खेळता."

"मग दोन वर्षं बोलला का नाहीत?"

"याल म्हणून वाट पाहत होतो. जरा उशीरच केलात." ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. "हं, विचारा आता."

"आत होता, की काठावर?"

ऑरिनने तिच्या खांद्यावरून मागे पाहिलं. "तुमची मैत्रीण मला एक बोट दाखवतेय. तिला एक हवाय. तुम्हाला काय हवंय?"

"जे झालं ते."

"काठावर. अर्धा गलीवर लोंबत होता. देवाशपथ सांगतो, मी उभा राहून 'पड, पड' म्हणून ओरडलो. तेवढ्यात तो काळा उतरला नि उचलून गेला."

आर्लिसच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि पाठोपाठ हसूही. "तुम्ही ओरडलात? माझ्यासाठी?"

"चेंडूसाठी," ऑरिन म्हणाला, पण त्याचे कान लाल झाले.

तो भिंत ओलांडून आला आणि बोटाने जागा दाखवली. आर्लिसने तिथे दुसरा चेंडू ठेवला, काठी नुसती लावली. टप्. कार्डावर दोन.

"वेडी आहेस," ट्वायला म्हणाली आणि तिने सही केली.

"पण तो नेतो कुठे एवढे चेंडू?" आर्लिसने विचारलं.

"मीही रोज तेच बघत बसतो. कोरड्या ओढ्यापलीकडे जातो, पुढचं दिसत नाही."

नवांपैकी दोन गली अजून खेळायच्या होत्या. आर्लिसने काठी गाडीत टाकली, आणि तिघं जण भिंतीवर कोपरं टेकून ओढ्याकडे बघत राहिले.

शनिवारी आर्लिस गेली. मंडळी, संध्याकाळी देवापुढे दिवा लावाल तेव्हा त्या ऑरिन पास्कची घडीभर आठवण काढा. एका शब्दात तो तिला खूश करू शकला असता. त्याने तिला खरं सांगितलं, आणि भिंत ओलांडून तिच्याजवळ येऊन उभा राहिला.