सरांच्या रानातली मेंढरं

नानासो सरांना इंग्रजी शिकवण्यापेक्षा माणसं सुधारण्याची हौस भारी. चौऱ्याहत्तर साली शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला कडेगावात येणार म्हणताच त्यांनी नववीच्या पोरांना 'यूज्ड टू'ची वाक्यं वाटून दिली. जे पूर्वी होतं नि आता सुटलं, ते या वाक्यात घालायचं. मेंढपाळाच्या पोरीच्या, हरणाच्या वाट्याला आलं, 'माय फादर यूज्ड टू ग्रेझ शीप.' माझा बाप पूर्वी मेंढरं राखायचा.

हरणाच्या अंगाचा तिळपापड झाला. तिच्या बापाची, बिराप्पाची मेंढरं आटपाडीकडून आलेली, आणि त्याच आठवड्यात खतासाठी सरांच्याच रानात बसलेली. लेंड्या चालतात, मग मेंढका का चालत नाही? पण ती राहायची त्या बोर्डिंगचा कारभार सरांच्या हातात होता. बाप मेंढरांमागं गावोगाव फिरणारा, तिथली जागा गेली की आपली शाळा संपली, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

साहेब आले. हरणा उठली नि ठणकावून म्हणाली, "माय फादर ग्रेझेस शीप."

पोर घाबरली साहेब, म्हणत सर हसले आणि तिला पुन्हा नीट सांगायला लावलं. तिनं तेच सांगितलं. साहेबांनी मग मराठीतच विचारलं, कुठं राखतात?

"आता सरांच्या रानात बसल्यात, सायेब."

वर्गात खसखस पिकली. सरांचा चेहरा पार उतरला.

शाळा सुटल्यावर सरांनी बिराप्पाला बोलावून घेतलं. पोरगी माफी मागेल, नाहीतर बोर्डिंगातून नाव कमी होईल, असं बजावलं. आपण तिला वर काढत होतो, हेही ऐकवलं. बिराप्पा भिडस्त माणूस. तो 'माग' म्हणाला असता तर हरणा तिथंच मोडून पडली असती.

"पर ती खोटं काय बोलली वो?" त्यानं विचारलं.

हरणाला एकदम बळ आलं. "नाव काढा, सर. मी आबासंगं पालात ऱ्हाईन. माफी मागणार न्हाई, आन् शाळाबी सोडणार न्हाई."

मेंढरं उठून गेली की काय करशील, सरांनी खोचून विचारलं.

"जातील तिथल्या शाळंत बशीन."

बोर्डिंगातलं नाव लगेच कमी झालं. पेटी डोक्यावर घेऊन ती बापामागं चालू लागली. मेंढरांना मात्र सर 'उठा' म्हणाले नाहीत, कारण निम्मं रान खतवायचं राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सरांच्याच रानातून चालत येऊन हरणा घंटेआधी पहिल्या बाकावर बसली. हजेरीत सर तिच्या नावापाशी थांबले. तिनं वाट पाहिली नाही.

"हजर, सर," ती म्हणाली.