सिंधूची डुकरीण

"तीन पिलांतलं एक तुमाला देऊ, मंग म्या काय माती खाऊ?"

सिंधू आमच्या पालासमोर पाटी आपटून वरडून राहिली व्हती. पाटीत आत्ताच दूध तोडलेली तीन पिलं.

सिंधू माझी चुलत जाऊ. नवरा विहिरीच्या दरडीखाली गेला, तवापासून एकटीच. आमी वडर माणसं, गोरेगावच्या बाहेर पालं ठोकून निजामाच्या सडकेला खडी फोडायचो. सिंधूपाशी एक डुकरीण, तिच्या पिलांवरच तिचं साल निघायचं. साऱ्या वस्तीत नर एकच, आमचा. ज्याचा नर लावला त्याला हर वेतामागं एक पिलू, तेबी निवडून, अशी आमची रीत. त्या नराच्या जिवावर आमचे मालक मिशीला पीळ देत फिरायचे.

"मागच्या खेपंला हिनं नऊ दिली, भावजी. औंदा तीनच काहून? तुमी थकलेला नर लावला."

"ऐका हो, ऐका!" मालक हसले. "पोट डुकरिणीचं, आन् खोट माझ्या नरात!"

सारी वस्ती खिदळली. म्याबी हसले, मेलीनं. मला तर सारं ठाव व्हतं. दिवाळीमागून पाच घरच्या डुकरिणी एकदमच माजावर आल्या. एकेका डुकरिणीमागं एकेक पिलू, मालकास्नी धीर कुठला! चार दिसांत पाचींना लावला त्याला, एकीचं दुसरीला कळू न देता. सिंधूची पाचवी. त्या दिशी नर नुसता धापा टाकून राहिला व्हता, तोंडाला फेस, कण्यांकडं बघंनाबी. म्या म्हणलं, "आवो, आठ दिस राहू द्या की त्याला." तर माझ्यावरच डाफरले.

दुसऱ्या दिशी लिंबाखाली पंचायत बसली. हरिचंद आमचा पंच. त्यानं यल्लम्माचा भंडारा मधी ठिवला. मालकांनी भंडारा उचलून सांगितलं, सिंधूच्या डुकरिणीआधी नर आठ दिस बांधून व्हता म्हणून. मंग हरिचंद माझ्याकडं वळला. "रूपाबाई, त्याचं दाणापाणी तूच करतीस. खरं काय ते सांग."

सारे माझ्याकडं बघून राहिले. सिंधूबी. खरं बोलले तर नवऱ्याचं नाक जातंय, आन् उद्यापासून आमच्या नराकडं कोण येतंय? घरात येणारी पिलं माझ्या डोळ्यांपुढं आली. म्या भंडाऱ्यावर बोटं टेकवली आन् म्हणलं, "ताजा व्हता."

आजबी हे सांगताना माझी मान वर व्हत न्हाई.

निवाडा झाला. सिंधूनं पिलू द्यायचं, आन् डुकरीण बाद झाली, जत्रंला कापून टाकायची. सिंधू पदर झटकून उठली. निवडलेलं पिलू आमच्या दारात सोडलं आन् दुसऱ्या दिशी तांबडं फुटायच्या आत डुकरीण हाकत पुसेगावला भावाकडं निघून गेली. तिकडं भावाच्या शेजाऱ्याकडं नर व्हता.

भादव्याच्या झडीत ती परत आली. डुकरिणीचं पोट भुईला टेकून राहिलं व्हतं. तिसऱ्या दिशी डुकरीण व्याली, आन् सारी वस्ती बघायला लोटली. अकरा पिलं! म्या लांबूनच दोनदा मोजली. या खेपंला कोणी हसलं न्हाई. हरिचंद मागच्या मागं घरला गेला. मालक पालात पडून राहिले, म्हणले कसर हाय अंगात.

आदल्याच रोजी आमची डुकरीण व्याली व्हती. दोन पिलं.

चार दिसांनी सिंधू भर पावसात आमच्या दारात. पाटीवर गोणपाट. म्हणलं, आता ही साऱ्यांदेखत माझी इज्जत काढती.

"आक्का," ती म्हणाली, "अकराला दूध पुरंना. ही दोन मागं पडायलीत. तुझीला दोनच हाईत, दूध वाया चाललंय. हिच्याखाली लावून घे. वाढली की एक तुमचं, दुधाचं."

टोमणा न्हाई, काही न्हाई. चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं वो! धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला.

"सिंधे, त्या दिशी म्या भंडाऱ्यावर हात ठिवून..."

"ठाव हाय मला. पाटी धर आधी, पिलं गारठून चाललीत."

मालक आतून समदं ऐकून राहिले व्हते. भायेर आले, खाली मान घालून पाटी घेतली आन् पिलं डुकरिणीच्या सडाला लावली. सिंधू तशीच भिजत निघून गेली.

मला ऱ्हावंना. तशीच चिखल तुडवत हरिचंदाच्या पालाकडं गेले. तो चिलीम भरून राहिला व्हता, भवती चार माणसं. म्या हात जोडले. "हरिचंददादा, पंचायत बोलवा. म्या खोटं बोलले. नर थकलेला व्हता."

त्यानं वर बघितलंबी न्हाई.

"आता काहून सांगतीस, रूपाबाई? अकरा पिलं साऱ्या वस्तीनं मोजलीत."