दिंडोरीच्या मॉनिटरवरचे पंधरा सेकंद

दुपारी एक चाळीसला दिंडोरीहून फोन आला.

"दीपकभाऊ, मॉनिटरवर नुसत्या रेघा येतायत."

२००१च्या मार्चमधली गोष्ट. छाया दिंडोरीच्या एका द्राक्ष पॅकहाऊसमध्ये कॉम्प्युटर सांभाळायची. पेटी काट्यावर आली की वजन टाइप करायचं, लेबल छापायचं. सकाळी विजेच्या झटक्यात मोठा मॉनिटर जळाला. कॉम्प्युटर बॅटरीवर तगला. मालक रावजीअण्णांनी सिन्नरहून जुना चौदा इंची मॉनिटर आणून जोडला होता.

नाशिकच्या ऑफिसात बसलेल्या दीपकला लगेच कळलं. मोठ्या मॉनिटरसाठी त्यानेच ठेवलेलं रिझोल्यूशन या लहानग्याला झेपत नव्हतं. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करता आला असता. पण दीपकनेच लिहिलेला लेबलांचा प्रोग्रॅम लॉट पुरा झाल्यावरच नोंदी साठवायचा. बाराशेपैकी नऊशे बारा पेट्या झाल्या होत्या. बंद केला की सगळ्या पुन्हा काट्यावर. आणि कंटेनर पाचला निघाला नाही तर बोट चुकणार होती.

"बटण दाब ना," मागून रावजीअण्णा म्हणाले. "माझा टीव्ही तसाच सुधरतो."

"अण्णा, तुमच्याच नऊशे पेट्या हायेत त्यात," छाया म्हणाली.

"मी इथून मोडेमने आत शिरतो," दीपक म्हणाला. "फोन ठेवा आणि कशाला हात लावू नका."

पॅकहाऊसला फोनची लाइन एकच, मोडेमही तिच्यावरच. मोडेम चालू असताना बोलता येणार नव्हतं.

दिंडोरीचा स्क्रीन दीपकसमोर वरून खाली, पट्टी पट्टी करत उमटला. त्याने रिझोल्यूशन कमी केलं. नवी सेटिंग ठेवायची का, हे कॉम्प्युटर पंधरा सेकंद विचारतो. उत्तर नाही आलं तर जुनी परत आणतो. प्रश्नाची चौकट दीपकपर्यंत पोहोचायलाच वीस सेकंद लागले. त्याने क्लिक करायच्या आतच वेळ संपली होती.

त्याने लाइन तोडून फोन लावला.

"चित्र आलं होतं," छाया म्हणाली. "काहीतरी विचारत होतं. मी हात नाही लावला."

"आता लावायचा. चौकट आली की डावा बाण एकदा, म्हणजे 'येस'वर येईल, मग एंटर. पंधरा सेकंदांच्या आत."

जानेवारीत तिने न विचारता 'येस' केलं होतं आणि अख्खा लॉट पुसला गेला होता. दीपक तिला सगळ्यांसमोर बोलला होता.

"चुकलं तर?"

"माझ्यावर."

पण आता मोडेम लागेना. लाइन एंगेज. रावजीअण्णा ट्रान्सपोर्टवाल्याशी बोलत होते. दोन वाजून वीस मिनिटं. दोन तीस. दीपक पुन्हा पुन्हा नंबर लावत राहिला. अण्णांनी बटण दाबलं असेल का, हे कळायला मार्ग नव्हता.

दोन एकेचाळीसला लाइन जुळली. चित्र लवकर यावं म्हणून त्याने आपल्या बाजूला रंग सोळावर आणले. रिझोल्यूशन बदललं आणि तो मोजू लागला. नवव्या सेकंदाला चौकट दिसली. हात माउसकडे गेला, पण त्याने तो मागे घेतला. चौकटीच्या मागे, नेमक्या त्याच जागी, त्याच्या प्रोग्रॅमचं 'लॉट रद्द' हे बटण होतं. छायाने आधीच एंटर दाबलं असेल, तर त्याचं क्लिक तिथे पडलं असतं.

दहा. अकरा. दोन्ही हात त्याने मांडीखाली दाबून धरले.

बाराव्याला चौकट गेली. स्क्रीन पुन्हा वरून उमटू लागला. कुठलं रिझोल्यूशन आहे, हे पहिल्या दोन पट्ट्यांवरून त्याला ठरवता येईना. मग खालच्या ओळीत ९१३ आकडा आला, त्याच्यापुढे वजन. थोड्या वेळाने ९१४.

त्याने लाइन सोडली. लगेच फोन वाजला.

"दीपकराव," रावजीअण्णा म्हणाले, "अक्षरं आता चष्म्याशिवाय दिसत्यात. आधीच असं का नाय ठेवलं?"

"पाचपर्यंत होईल का, अण्णा?"

"छाया मान वर करत नाय. होईल. ठेवा आता, लाइन मोकळी राहू द्या."